साडेसात ते सव्वाआठ

माझी आई दिवसातून पंचेचाळीस मिनिटं शहाणी असते. सकाळी साडेसात ते सव्वाआठ. उरलेल्या वेळात ती मला गिऱ्हाईक समजते आणि ब्लाउज शुक्रवारी मिळेल म्हणून सांगते. चाळीस वर्षं तिने कराडात शिलाईचं दुकान चालवलं, त्यामुळे शुक्रवारचा वायदा तिच्या तोंडात पक्का बसलाय. सुरुवातीला मी तिची समजूत घालत असे, की आई, मी जयमाला, तुझी मुलगी. आता 'बरं, शुक्रवारी येते' म्हणते आणि चादर बदलायला घेते. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

ही पंचेचाळीस मिनिटंसुद्धा आपोआप आलेली नाहीत. मी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, सोपं करून सांगायची सवय आहे, म्हणून सांगते. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा एक पुंजका असतो. त्यात वीसेक हजार पेशी, आणि प्रत्येक पेशी म्हणजे एक स्वतंत्र घड्याळ. पेशीतली काही जनुकं एक प्रथिन तयार करत राहतात. ते पुरेसं साठलं, की ते प्रथिनच उलटून त्या जनुकांचं काम बंद पाडतं. मग ते हळूहळू विरतं आणि काम पुन्हा सुरू होतं. या एका फेरीला साधारण चोवीस तास लागतात. सकाळचा उजेड डोळ्यांतून पुंजक्यापर्यंत पोचतो आणि सगळ्या पेशींची वेळ रोज जुळवून देतो. आपली झोप, भूक, अंगाची ऊब, डोक्याची तरतरी, सगळं त्याच्या तालावर चालतं.

विस्मृतीच्या आजारात यातल्या बऱ्याच पेशी मरतात आणि उरलेल्यांची फाटाफूट होते. एकीची सकाळ असते तेव्हा दुसरीची मध्यरात्र. म्हणून अशी माणसं दिवेलागणीला बिथरतात, 'मला घरी जायचंय' म्हणून घरातच रडतात आणि रात्रभर दारांच्या कड्या काढत फिरतात. आई तीन वर्षं फिरत होती, तिच्या मागे मी.

मग हा उपचार आला. उरलेल्या पेशींची ताकद दिवसभर थोडी थोडी सांडून वाया जाते. ती सगळी एकाच वेळी एकवटली तर मेंदूला तेवढ्यापुरती उभारी येते, एवढीच त्यामागची कल्पना. सकाळी सहाला कपाळावर निळसर दिव्याची पट्टी बांधायची, संध्याकाळी दंडावर औषधाची चिकटपट्टी लावायची, आणि खाणं घड्याळाच्या काट्यावर. आठवड्याभरात आईचा 'तास' उगवला. त्या तासात तिला माणसं कळतात, कालच्या तासात काय झालं तेही बरंचसं आठवतं. मधल्या तेवीस तासांचं मात्र काही नाही.

तास कधीचा ठेवायचा, हे घरच्यांनी ठरवायचं असतं. एप्रिलमध्ये डॉ. समीना मुल्लांनी विचारलं, "कोणती वेळ सोयीची?" तेव्हा माझा धाकटा भाऊ अभिजित व्हिडिओवर होता, कॅनडातल्या कॅलगरीहून. त्याने तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "सकाळी साडेसात. तिकडे रात्रीचे आठ असतात, त्याला बरं पडेल." तो तिथे एका मोठ्या दुकानाचा मॅनेजर आहे. दुकान साडेसातला बंद होतं, रविवारीसुद्धा, आणि आठला तो घरी असतो. आमच्या घरात चांगला आंबा कुणाच्या ताटात जाणार, हे कधी विचारावं लागलं नाही. पन्नाशी उलटली तरी वाढणारा हात तिकडेच वळतो, आणि तो हात माझाच असतो.

पण यात माझाही स्वार्थ होता, तो लपवत नाही. आई शहाणी असते तेवढ्याच वेळात तिला एकटी सोडता येतं. ती गॅस चालू करत नाही, जिना उतरत नाही. म्हणून साडेसातला फोन वाजला की टॅबलेट तिच्यापुढे उभा करायचा आणि मी न्हाणीत. पाच मिनिटांत अंघोळ, मग मागच्या खोलीत सतरंजीवर अर्धा तास झोप. माझ्या चोवीस तासांतली सलग झोप म्हणाल तर तेवढीच. म्हणजे सात महिने आई रोज शुद्धीवर येत होती आणि एकाच घरात राहून आमची गाठ पडत नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी साडेसातला फोन आला नाही.

मी टॅबलेट उभा करून टॉवेल खांद्यावर टाकून थांबले. भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक आपलं आणि त्याखाली अभिजितचं, मीच लावलेलं. खालच्यात आठ वाजले होते. फोन लावून पाहिला, उचलला नाही.

"आज त्याचा फोन न्हाई व्हय?" मागून आई म्हणाली.

मी वळून बघितलं. आई खुर्चीत ताठ बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांत तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं असं नाही, पण हे बघणं वेगळं होतं. पूर्वी दुकानात बाई आत आली की टेप न लावता माप घ्यायची, तसं.

"माले, किती वाळलीस गं! ब्लाउज खांद्यावरनं उतरतोय. जरा आत घ्यायचा न्हाईस का?"

मला रडू फुटलं. एवढ्याशा वाक्याने फुटेल असं वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं, उगाच चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत पावणेआठ झाले हे बघून स्वतःवरच चिडले. उरलेल्या अर्ध्या तासात आम्ही काही विशेष बोललो नाही. तिने खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची चौकशी केली, माझ्या केसांवरून हात फिरवला, केस पांढरे झाले म्हणाली. सव्वाआठच्या सुमाराला ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि पदराचं टोक चाचपायला लागली. गेली.

साडेआठला फोन वाजला. अभिजित हसत होता. "काय आई, झोप झाली का?"

"शुक्रवारी या," आई म्हणाली. "हातशिलाई बाकी हाय."

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, नुसतं गोठल्यासारखं. त्याने आईला असं कधी बघितलंच नव्हतं. गेल्या वेळी तो आला तेव्हा ती नावं विसरायची, एवढंच. आणि एप्रिलपासून त्याच्या वाट्याला फक्त तास आला होता. मी सांगायची, की बाकीच्या वेळात कठीण असतं रे, आणि तो म्हणायचा, "हो ना, कळतं मला."

"ताई, काय झालंय तिला? अटॅक वगैरे?"

"काही नाही झालं. तुला तासभर उशीर झाला."

"उशीर कुठला? आठच तर..." तो थांबला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, काल रात्री घड्याळं मागे केली ना आमच्याकडे!"

तिकडे हिवाळा आला की जवळजवळ सगळा देश घड्याळ एक तास मागे घेतो आणि मार्चमध्ये परत पुढे. आपल्याकडे हा प्रकार नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात यायला हवं होतं, पण त्याचा फोन आपोआप वेळ बदलतो आणि तो रोजच्यासारखा आठ वाजता घरी येऊन बसला. भिंतीवरचं घड्याळ मागे घ्यायला हात वर करावा लागतो, बस. आईच्या डोक्यातल्या पेशींना कोण सांगणार?

दुपारी आम्ही तिघं बोललो, तो, मी आणि डॉ. मुल्ला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती तरी तो जागा होता.

"सरकवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "दिवा आणि नाश्ता रोज पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा. चार दिवसांत तास साडेआठवर येईल. पण एक सांगते. या पेशी थकलेल्या आहेत. वेळ बदलली की सगळ्या मागोमाग येत नाहीत, काही वाटेत सुटतात आणि सुटलेल्या परत मिळत नाहीत. अंदाजे दहा मिनिटं कमी होतील."

"आणि मार्चमध्ये परत साडेसातला आणायचं म्हटलं तर?" मी विचारलं.

"आणखी दहा."

पंचेचाळीसचे पस्तीस, पस्तीसचे पंचवीस. पुढच्या नोव्हेंबरात पंधरा.

"तुमचे साडेसात म्हणजे आता माझे सात, आणि सातला मला जमणारच नाही हो," अभिजित म्हणाला. "दुकान बंद करायची वेळ, हिशेब, माणसं सोडायची असतात. ताई, दहाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. मार्चचं मार्चमध्ये बघू."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सल्ला देऊ शकते. दिवा जयमालाताईंच्या हातात आहे. करायचं असेल तर गुरुवारपासून सुरू करा, म्हणजे रविवारपर्यंत होईल."

फोन ठेवल्यावर मला अभिजितचा राग आला. मग स्वतःचा आला. सात महिने हा तास मीच त्याला वाढला होता, आणि आता त्याच्या ताटातून उचलावासा वाटत होता. कारण सोमवारी मला त्याची चव कळली होती.

मंगळवारी मी अंघोळीला गेले नाही. साडेसातच्या आधीच चहा करून आईसमोर बसले.

तास उगवताना दिसतो. आधी हात स्थिर होतात, मग नजर. साडेसातला दोन मिनिटं असताना आईने माझ्याकडे बघितलं आणि नंतर टॅबलेटकडे.

"आज बी न्हाई?"

मी तिला सगळं सांगितलं. कॅनडाची घड्याळं, दिवा, दहा मिनिटं. तिने शांतपणे ऐकलं. शाळा सातवीपर्यंतच झाली तिची, पण कापडाचं गणित तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"म्हंजे जितक्यांदा उसवायचं तितक्यांदा कापड जाणार," ती म्हणाली.

"हो."

मग ती पुढे वाकली आणि माझं मनगट धरलं. तिथे एक जुना पिवळा पडलेला डाग होता. नखांचा.

"हे मी केलं?"

"नाही. दार लागलं."

"खोटं बोलतीस. दाराला नखं असत्यात व्हय?" तिने मनगट सोडलं नाही. "मी मारती तुला?"

"कधीतरी. तुला कळत नाही तेव्हा."

ती अंगठ्याने तो डाग चोळत राहिली. साडेसात ते सव्वाआठमधली किती मिनिटं अशी गेली कोण जाणे. मी मनात मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

माझ्या पोटात एक प्रश्न कितीतरी वर्षं होता, सात महिन्यांचा नव्हे, त्याहून जुना. तो मी विचारला. "आई, तुझ्या अख्ख्या दिवसात एवढाच वेळ तुझा असतो. तो तू सगळा अभिजितला देतेस. मी तिथेच असते, मागच्या खोलीत. एकदाही मला हाक मारावीशी वाटली नाही?"

आईने माझ्याकडे बघितलं, आणि तिला माझं काही कळलंच नाही असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "तू झोपलेली असतीस."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून काय, म्हंजे? तू झोपावंस म्हणून तर मी त्याला धरून बसती. तासभर काय बोलायचं गं त्याच्यासंगं? जेवलीस का, झोपलीस का, झालं त्याचं. मग मीच काढती काहीतरी. तुजा पोरगा काय करतोय, बर्फ किती पडलं. तो ठेवू का म्हणतो, मी ठेव म्हणत न्हाई. फोन बंद झाला की तू उठून येणार, मला ठावं हाय. एकदा पहिल्या आठवड्यात लवकर बंद झाला, तर तू वल्ल्या केसांनी धावत आलीस. डोळं लाल. तवाच म्हटलं, ह्याला सोडायचं न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला. सात महिने मला वाटत होतं की आईचा जीव मुलात आहे आणि मी बाहेरची. मनातल्या मनात मी तिला किती बोलले होते! कपडे धुताना, चादरी बदलताना, रात्री तिच्या मागे फिरताना. आणि ही बाई शुद्धीवर आल्या आल्या माझ्या झोपेची राखण करत होती.

"मग आता?" मी विचारलं. "दिवा उशिरा लावू?"

"ते तुमी बघा. मला साडेसात काय नि साडेआठ काय." ती खुर्चीत मागे टेकली. तिचा चेहरा दमला होता. "पर फोन असू दे न्हाईतर नसू दे, तू झोपायचंस. उद्यापासनं हितंच झोप, माझ्यापुढं. मी बसती."

"आणि बोलायचं कधी आपण?"

"काय बोलायचं राहिलंय आता? बोललो की."

सव्वाआठला ती गेली. साडेआठला अभिजितचा फोन आला, आईने त्याला हुकांचं विचारलं, बटणं नकोत म्हणाली, आणि तो पाच मिनिटांत रडवेला झाला.

"ताई, प्लीज. गुरुवारची वाट कशाला बघायची? उद्यापासूनच दिवा उशिरा लाव. मला ती अशी बघवत नाही."

"मी बघते," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कडवट आलं. मी फोन ठेवला. त्याला आईचं बोलणं सांगावं असं वाटलं होतं. पण 'ती तुझ्याशी बोलायची ते माझ्यासाठी' हे भावाला फोनवर कसं सांगतात? त्यानेही सात महिने दमून घरी येऊन, जेवण थंड होऊ देत, तास दिला होता. त्यालाही तो आपलाच वाटत होता.

बुधवारी पहाटे मी दिवा हातात घेऊन उभी राहिले. सहा वाजले होते. पंधरा मिनिटं थांबलं तर सरकायला सुरुवात होणार होती. आई रात्री दोन वेळा उठली होती, एकदा दाराशी आणि एकदा मोरीत. माझं डोकं भणभणत होतं आणि खरं सांगते, न्याय कुणाचा, हक्क कुणाचा, असला काही विचार माझ्या मनात नव्हता. मला फक्त झोप हवी होती. साडेआठला सरकवलं तर फोन सुरू होईल आणि मला परत मागच्या खोलीत पडता येईल. साडेसातला ठेवलं तर आईच्या समोर पडता येईल. सहा वाजून एक मिनिटाने मी पट्टी तिच्या कपाळावर बांधली आणि खटका दाबला.

साडेसातला आई शुद्धीवर आली. मी सतरंजी तिच्या खुर्चीपुढे अंथरली होती.

"झोप," ती म्हणाली.

"दहा मिनिटं बोलू या."

"माले."

लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती याच आवाजात दिवा घालवायची. मी आडवी झाले. ती काही म्हणत नव्हती, थोपटतही नव्हती. नुसती बसली होती. तिची पावलं माझ्या डोळ्यांसमोर होती, टाचांना भेगा पडलेली. मी म्हटलं, डोळे मिटायचे नाहीत, हा तास आता माझा आहे, असा वाया घालवायचा नाही. आणि एवढं म्हणेपर्यंत मला झोप लागली. तीन वर्षांत कुणीतरी जागं आहे म्हणून मी झोपले, अशी ती पहिलीच झोप.

जाग आली ती फोनच्या वाजण्याने. म्हणजे साडेआठ झाले होते. म्हणजे पाऊण तास संपला होता आणि वर पंधरा मिनिटं आई एकटी होती. मी धडपडून उठणार, तेवढ्यात वाजणं थांबलं. आईने फोन घेतला होता. टॅबलेट तिच्या मांडीवर होता.

"आई?" अभिजितचा आवाज आला. "आई, मी..."

"श्श!" आई म्हणाली. "हळू बोला की हो. पोरगी झोपलीया माझी."

मी हलले नाही. डोळे मिटलेलेच ठेवले.

"कोण झोपलंय?" अभिजितने विचारलं. त्याचा आवाज खरंच खाली आला होता.

"माझी पोरगी. लई दमतीया. रातभर कोण म्हातारी हाय, तिच्यामागं फिरती." आई कुजबुजत होती. "तुमचं माप नंतर घेती. आता मशीन बी चालवत न्हाई मी. उठंल ती."

टॅबलेटमधून त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"नका चालवू," तो म्हणाला. "झोपू दे तिला. उठली की एक निरोप द्याल?"

"सांगा की."

"म्हणावं, दिवा हलवू नकोस. साडेसातलाच राहू दे."

"दिवा हलवू नकोस, साडेसात," आईने पाठ केल्यासारखं म्हटलं. "सांगती. पर कोण आलं होतं म्हणून सांगू?"

मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि तो बघायचं धाडसही मला झालं नाही.

"तिचा भाऊ आला होता, म्हणून सांगा."